हाफटाईमचा माणूस

माय, काल मी मैदानावर जाऊन आलो. पुण्याला लेकीला हे सांगितलेलं नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर दवाखान्यात गेलो होतो म्हणायचं ठरवून ठेवलं होतं, पण विचारलं कोणीच नाही. म्हणून तुला लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेलो नाही. बाबांचा रेल्वेतून आलेला कागदसुद्धा तू मलाच वाचायला लावायचीस, आणि दोन ओळी झाल्या की "हाव, समजलं, पुढचं सांग" म्हणायचीस. तुला जाऊन आता तीसेक वर्षं होत आली. पण कालची गोष्ट अशी आहे की ती ऐकून "मग त्यात काय एवढं?" असं विचारणार नाही, असं माणूस मला तुझ्याशिवाय दुसरं सुचत नाही.

आधी इकडचं सांगतो, नाहीतर तुला पत्ता लागायचा नाही. जगभर एक साथ आली. तुझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची, गाव ओस पडायचं आणि लोक शेतात झोपड्या घालून राहायचे, तशातलंच. फक्त ह्या वेळी उलटं होतं. घरात बसा म्हणाले आणि आम्ही बसलो. तोंडाला मास्क लावायचा, माणसापासून लांब राहायचं, हात धूत बसायचं. पहिल्या लाटेत आपल्याकडे भीतीच जास्त होती, दुसऱ्या लाटेत माणसं गेली. साठीच्या वरच्यांनी तर इतकं जपायचं की फाटकाशी उभं राहिलं तरी रस्त्यानं जाणारा हटकायचा, "काका, अंदर बसा." मी रेल्वेच्या तिकीटखिडकीमागे जन्म काढलेला माणूस, दिवसभर समोर रांग. आता नोकरी संपलेली, रक्तात साखर आणि घरात मी एकटा. तुझी सून ह्या सगळ्याच्या आधीच गेली, तिला हे दिवस पाहावे लागले नाहीत ते बरंच झालं. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून हाक मारायचा आणि मी ओ देईपर्यंत तो पुढच्या घराशी असायचा. एकदा मी नुसताच "दूध मिळालं" असं मोठ्यानं म्हणून पाहिलं. आवाज घोगरा झाला होता, चांगला खाकरावा लागला. तेव्हा हसू आलं, मग नाही आलं.

मैदान तुला सांगायला नको. तेच, आपल्या सिंदीचं रेल्वेचं, स्टेशनच्या अंगाला कडुलिंब असलेलं. हिवाळा लागला की टूर्नामेंट अजूनही होते. आम्ही चौघं दोस्त, लहानपणापासूनचे, मंडपातल्या खुर्च्यांवर कधी बसलो नाही. आपली टीम ज्या गोलवर चढाई करणार त्या गोलच्या मागे पोतं अंथरून बसायचं, आणि हाफटाईमला टीमनं बाजू बदलली की आपणही पोतं झटकून उठायचं आणि मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागे जायचं, हा आपला रिवाज. समोरच्या टीमचे लोकही तसेच उठून तिकडून इकडे यायचे. पलीकडच्या बाजूला नाली आणि बाभळी, म्हणून दोन्हीकडचे स्टेशनच्याच अंगानं यायचे, आणि बरोबर मध्यावर, कडुलिंबाखाली, तुझ्या चुलीपाशी एकमेकांना भिडायचे. तिथं तुझा चहा आणि कांदाभजी. चुलीला वारा लागू नये म्हणून तू मैदानाकडे पाठ करून बसायचीस. इतके हिवाळे तिथं काढलेस, पण एक गोल पाहिला नाहीस. तू माणसांची तोंडं पाहायचीस. भजी उलटता उलटता सांगायचीस, "गेला तुमच्यावर गोल. त्या टोपीवाल्याचं तोंड पाह्य कसं झालं." आणि खरंच गेलेला असायचा.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो तेव्हाचा एक दिवस मला अजून दिसतो. देवळीची टीम आलेली आहे, पहिल्याच अर्ध्यात आपल्यावर दोन गोल झालेले आहेत. हाफटाईमला आम्ही तुझ्या चुलीपाशी येतो आणि समोरून देवळीवाले येतात. त्यांच्यातला एक उंच, सडपातळ माणूस, माझ्याच वयाचा, गळ्यात तपकिरी मफलर, माझ्याकडे पाहून हसतो. एवढाच त्याचा गुन्हा. फुटबॉल पाहणाऱ्यांचं आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतंच, पण त्या दिवशी मी त्याचा शर्ट धरला. तू हातातला झारा तसाच घेऊन उठलीस. मला वाटलं, आता देवळीवाल्याचं काही खरं नाही. तू माझ्याकडेच वळलीस. "सोड त्याले," म्हणालीस. "अर्ध्या खेळात कोनी हारलं नसते अन् कोनी जिंकलं नसते. दोघं बी चाय प्या अन् जा आपापल्या गोलकडं." एवढ्या लोकांत आईकडून बोलणी खाल्ली म्हणून माझे कान तापले होते. आम्ही चहा प्यालो, एकमेकांकडे न बघता. कप ठेवताना तो हळूच म्हणाला, "चाय मस्त आहे तुमच्या मायची. टीमचं मात्र काई सांगता येत नाई."

तोच हा माणूस, माय. ज्याच्यासाठी मी काल गेलो.

त्यानंतर जवळजवळ दर हिवाळ्यात तो दिसला. देवळीहून एस.टी.नं वर्धा, वर्ध्याहून पॅसेंजरनं सिंदी, एका मॅचसाठी सकाळी घर सोडायचं. कधी त्यांची टीम पहिल्याच दिवशी हरायची, मग वर्षाचं तेवढंच दर्शन. भेट व्हायची ती हाफटाईमला, कडुलिंबाखाली, चहा संपेपर्यंत. मी म्हणायचो, "देवळीवाले, मफलर धुता का नाई कधी?" तो म्हणायचा, "तुमच्यावर धा गोल झाल्यावर धुईन. म्हनून तर असा मळला." शिट्टी वाजायची, तो इकडे, मी तिकडे. मॅच संपल्यावर त्याला गाडी गाठायची असे. माझी संध्याकाळची ड्युटी असली तर वर्ध्याचं तिकीट तो माझ्याच खिडकीतून घ्यायचा. हात आत यायचा, "एक वर्धा, सिंदीवाले," एवढंच. जनरलच्या तिकिटावर नाव नसतं आणि मीही कधी विचारलं नाही. पुढे फोन आले, मोबाइल आले, सगळ्या जगानं एकमेकांचे नंबर घेतले, आम्हाला सुचलं नाही. मैदान होतं ना.

त्याचं घर, शेती, लेकरंबाळं, मला काही ठाऊक नव्हतं. एका वर्षी तो डोकं भादरून आला, मफलर तेवढा वर बांधलेला. मी विचारलं, "कोन?" तो म्हणाला, "माय." आम्ही उभे राहिलो आणि चहा प्यालो. तू त्याच्या पानावर दोन भजी जास्त टाकलीस. तू गेलीस त्या हिवाळ्यात मी मैदानावर जाणार नव्हतो, तुझ्या सुनेनं ढकलून पाठवलं. कडुलिंबाखाली चुलीचे काळे दगड तेवढे होते. तो समोरून आला, दगडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यातला मफलर काढून हातात धरला. शिट्टी वाजेपर्यंत तसाच उभा होता. घरी पुष्कळ जण भेटायला येऊन गेले होते, पुष्कळ बोलून गेले होते. मला मात्र रडू आलं ते त्या माणसासमोर, आणि त्यानं ते पाहिलं नसल्यासारखं केलं.

आमच्या चौघांतला एक साथीच्या आधीच गेला होता. दुसरा दुसऱ्या लाटेत गेला, त्याला शेवटचं पाहायलाही कोणाला मिळालं नाही. तिसऱ्याला मुलगा नागपूरला घेऊन गेला. दोन लाटांच्या मधल्या हिवाळ्यात टूर्नामेंट झाली होती, लहानशी, मोजक्या लोकांत. लेक म्हणाली, "बाबा, एक वर्ष मॅच नाही पाहिली तर काय बिघडतं?" काही बिघडत नव्हतं. मी घरात बसलो. वारा इकडचा असला की शिट्टी घरापर्यंत ऐकू येते. हाफटाईमची लांब शिट्टी झाली तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो, कुठे जायचं ते न कळून स्वयंपाकघरात गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. मनात म्हटलं, तोही घरीच बसला असेल, एवढ्या लांबून कशाला येतो.

मग दुसरी लाट आली, आणि एप्रिल-मे कसे गेले ते तुला सांगत नाही. त्या दिवसांत रोज कोणाची ना कोणाची बातमी यायची. नातेवाईक, ऑफिसातले, गल्लीतले, सगळ्यांचं कळायचं. ह्या एका माणसाचं कळायला मार्ग नव्हता. देवळीचं कोणी भेटलं तरी विचारणार काय? नाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही. एक उंच बुढा, मफलरवाला, फुटबॉल पाहतो. असं विचारलं तर लोक मलाच वेड्यात काढतील.

यंदा पुन्हा टूर्नामेंटचा बोर्ड लागला. दोन डोस झालेले असतील तर प्रवेश, मास्क पाहिजे, ज्येष्ठांनी शक्यतो येणं टाळावं. पहिल्याच आठवड्यात आपली आणि देवळीची मॅच. लेकीचा फोन आला तेव्हा माझ्या आवाजावरून तिला काय कळलं कोण जाणे, तिनं स्वतःच विषय काढला.

"बाबा, तुम्ही जाणार नाही आहात."

"दोन्ही सुया झाल्या ना माझ्या."

"झाल्या म्हणजे काही होतच नाही असं नाही. आता आणखी नवीन काहीतरी आलंय म्हणतात. आणि तुम्हाला साखर आहे."

"मोकळं मैदान आहे गं. वर आभाळ."

ती म्हणाली, "माझ्या सासऱ्यांना आम्ही शेवटचं मोबाइलवर पाहिलं, बाबा. कोणीतरी नर्स फोन धरून उभी होती. तुमचं तसं व्हायला नको आहे मला. एका मॅचसाठी?"

तिचं काहीच चुकत नव्हतं. मी "बरं" म्हटलं. तिला "मॅचसाठी नाही, एका माणसासाठी" असं सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, कोण माणूस? आणि तिथंच माझं घोडं अडलं असतं.

नागपूरच्या दोस्ताला फोन लावला. तो म्हणाला, "काऊन जातं बे मरायले? टीव्हीवर पाह्य ना. विलायतचे मॅच लागते." ते मी पाहिले होते, माय. साथीच्या दिवसांत तिकडे रिकाम्या मैदानात खेळ चालायचे. खुर्च्या सगळ्या मोकळ्या, आणि वरून टेप लावून लोकांचा आवाज सोडायचे. गोल झाला की आवाज वाढायचा, आणि खुर्च्यांवर कोणी नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. मी टीव्हीचा आवाज बंद केला, तर ते आणखीच वाईट वाटलं.

दोन दिवस मी स्वतःशी वाद घातला. एस.टी.चा संप चालू आहे, पॅसेंजर अजून बंद आहे, तो येणार तरी कसा? म्हणजे तो दिसला नाही तरी त्याचा अर्थ तो नाही असा होत नाही. मग जाऊन उपयोग काय? आणि न जाऊन तरी काय उपयोग? मला फक्त तो आहे की नाही एवढं कळायला पाहिजे होतं. जेवताना तेच, दात घासताना तेच. काल सकाळी उठलो, दाढी केली, साखरेची गोळी घेतली आणि कपाटावरचं पोतं खाली काढलं.

मैदानावर गवतात चुन्याची वर्तुळं आखली होती, एका वर्तुळात एक माणूस. मी आपल्या गोलमागच्या, म्हणजे आपण ज्यावर चढाई करणार त्या गोलमागच्या एका वर्तुळात पोतं अंथरलं. आजूबाजूला सगळी तरुण पोरं, मास्क हनुवटीवर. ओळखीचं एक तोंड नाही, आणि जी तोंडं झाकलेली होती ती ओळखू येत नव्हती. तू असतीस तर तुझाही धंदा बसला असता. पलीकडच्या गोलमागे देवळीचे लोक ठिपक्यांसारखे दिसत होते. मी चष्मा पुसून पुसून त्यांच्यात एक उंच ठिपका शोधत होतो. पहिला अर्धा खेळ मी पाहिलाच नाही. आपला एक गोल झाला म्हणतात, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर झाला असेल, मी तेव्हा पलीकडे बघत होतो.

शिट्टी झाली आणि पाय आपोआप उठले. बंदोबस्ताला असलेली होमगार्डची बाई पुढे आली. "आजोबा, जागा सोडू नका. यंदा फिरायचं नाई कोनी."

"लघवीले चाललो, बाई," मी म्हटलं. म्हाताऱ्याला ह्या एका कामासाठी कोणी अडवत नाही.

कडुलिंब आहे अजून. त्याच्याखाली आता एक बाई गॅसवर चहा करते, केळझरची आहे. मी तिथं उभा राहिलो. देवळीच्या बाजूनं दोनतीन पोरं होमगार्डची नजर चुकवून आली, चहा घेऊन गेली. आणखी कोणी आलं नाही. तेव्हा मी विचारलं, "बाई, देवळीचे एक बुढे यायचे. उंच, मफलर बांधलेले. आले काय आज?"

"मफलरवाले बाबा?" ती चहा गाळता गाळता म्हणाली. "ते मागच्या साली आल्ते. थोडेसेच लोक होते तवा. हाफटाईमले इथंच येऊन उभे राह्यले. दोन चाय सांगतल्या. मी म्हटलं, बाबा, दुसरी कोनाले? तर म्हने, येऊन राह्यला एक मानूस तिकडून. शिट्टी वाजली, कोनी आलं नाई. मंग त्याईनं दोन्ही सोताच पेल्या. म्हने, थंड काऊन करायची."

मी विचारलं, "अन् यंदा?"

"यंदा कुठचे? ते गेले ना, दुसऱ्या लाटेत. त्याईच्या गावचे पोट्टे सकाळीच सांगून राह्यले होते." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मास्कच्या वर जेवढं दिसतं तेवढं. "तुमचे कोन होते?"

काय सांगायचं, माय? नात्यातला नाही, गावचा नाही, दोस्त म्हणावं तर नावसुद्धा ठाऊक नाही. उलट विरुद्ध पार्टीचा. मला सुतक नाही, कोणाला भेटायला जायला दार नाही. मी तिला म्हटलं, "असेच, ओळखीचे," आणि ते शब्द तोंडातून निघाल्यावर मला स्वतःचा राग आला. मी त्या हिवाळ्यात गेलो असतो तर कदाचित मीच आज नसतो, हे मला कळतं. लेकीनं अडवलं ते बरोबरच होतं. पण तो आला होता, इथं उभा होता आणि माझी वाट बघत होता. ते कळल्यानं हे काही कमी होत नाही.

दुसऱ्या अर्ध्यासाठी शिट्टी झाली. रिवाजाप्रमाणे मी पुढे, पलीकडच्या गोलमागे जायला हवं होतं. पाय निघेनात. मी मागे फिरलो आणि आलो तिथंच जाऊन बसलो. होमगार्डची बाई खूश झाली, म्हणाली, "शहाने हाय आजोबा." तिला काय माहीत, दुसऱ्या अर्ध्यात देवळी ह्याच गोलवर चढाई करते. तो असता तर आता इथंच येऊन बसला असता. थोड्या वेळात देवळीची पोरं एकेक करून सरकत सरकत आलीच आणि माझ्या भोवतीच्या वर्तुळांत बसली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी घालून पोत्याबरोबर कपाटावर ठेवून देईन. लेकीचा फोन येईल तेव्हा घरीच होतो म्हणेन. फक्त एक तुला सांगून ठेवतो, कारण तू तिथं असतीस तर माझ्या तोंडावरून तुला कळलंच असतं. खेळ संपत आला असताना देवळीनं आपल्यावर गोल केला. पोरं उड्या मारत होती. मीही उठलो आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. शेजारच्या वर्तुळातला एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, तुमी देवळीचे काय?"

मी म्हटलं, "हाव."